धुरपदाक्काच्या टीव्हीवरचं घर

मयुरीचा लॅपटॉप पाण्यात गेला तो घरातल्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर. सकाळची कामं उरकून तिने तो बंगईवर ठेवला आणि सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब टाकायला ती आत गेली. तेवढ्यात तिचे सासरे पितांबर नाना केळीच्या बागेतून आले. त्यांनी पाण्याचा तांब्या बंगईच्या कडेवर ठेवला आणि स्वतःही टेकले. नाना अंगाने चांगले भरलेले. बंगईने एक झोका घेतला, तांब्या आडवा झाला आणि सगळं पाणी बटणांच्या फटींतून आत उतरलं.

मयुरी बाहेर आली तेव्हा लॅपटॉप अंगणात खाटेवर पालथा घातलेला होता. उन्हात. शेजारी नाना हातात काठी घेऊन बसले होते. पापडांवर कावळे येऊ नयेत म्हणून बसतात तसे.

"पोरी," नाना खालच्या आवाजात म्हणाले, "वायला का पाह्य बरं, मघापासून उन्हात हाये."

मयुरीला रडू येत होतं आणि नानांकडे बघून हसूही येत होतं. लॅपटॉप उचलून तिने झटकला, तर आतून थेंबभर पाणी तिच्या पायावर पडलं.

मयुरीचं माहेर शिरपूरचं. तिथेच तिने घरांचे नकाशे काढायचा कोर्स केला आणि लग्न होऊन ती यावल तालुक्यातल्या सांगवखेड्याला आली. जळगावच्या विसपुते सरांच्या ऑफिसचं काम ती घरी बसून करायची. आजवर तिच्या वाट्याला फुटकळ कामंच आली होती. दुसऱ्याच्या नकाशात दिव्यांची बटणं दाखव, बाथरूमच्या फरशा मोज, असली. पण या खेपेला सरांनी धुळ्याच्या एका डॉक्टरांचा अख्खा बंगला तिच्यावर सोपवला होता. डॉक्टरांचं नाव भूषण. देवपुरात त्यांनी प्लॉट घेतला होता. येत्या रविवारी दुपारी सगळे ऑनलाइन बसणार होते आणि मयुरीने नकाशा दाखवून पक्का करायचा होता. नकाशा ऑफिसच्या ऑनलाइन जागेत जपलेला असायचा, म्हणून तेवढा वाचला. तो उघडायला मात्र हातात काही उरलं नाही.

तिच्या नवऱ्याचं नाव नवीन. तो त्याच दिवशी लॅपटॉप घेऊन जळगावला गेला. दुरुस्तीवाल्याने तो उघडला, आत बघितलं आणि सांगितलं की मदरबोर्डच गेला आहे, नवा मागवावा लागेल, रविवारच्या आत काही जमायचं नाही. ऑफिसात जाऊन काम करावं तर सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. थेंबांच्या वेळा मयुरीशिवाय कुणाला सांभाळता येत नव्हत्या. नानांनी एकदा प्रयत्न केला होता तर औषध सासूबाईंच्या कानात गेलं होतं.

संध्याकाळच्या एसटीने डिंपल आली. डिंपल म्हणजे मयुरीची नणंद. ती जळगावात मोबाइलच्या दुकानात कामाला होती आणि रोज ये-जा करायची. दिवसभर गिऱ्हाइकांना फोन दाखवून तिच्या जिभेला धार आलेली. लॅपटॉपचे दिवस भरले, असं तिचं ठाम मत होतं आणि त्यावरून नणंद-भावजयीचा वाद जुना होता. डिंपलचं म्हणणं, फोन आणि लॅपटॉप यांच्यात आता फरक उरलाय तो पडद्याचा आणि बटणांचा. आतलं डोकं सारखंच. पडदा काय, कुणाचाही उसना घेता येतो. डोकं तेवढं खिशात पाहिजे. मयुरी म्हणायची, बोटभर पडद्यावर एक भिंत काढून दाखव आणि मग बोल. शिवाय फोन उघडला की सतरा माणसं मध्ये येतात. लॅपटॉप उघडला की आपल्या खोलीत दार लावून बसल्यासारखं वाटतं.

एरवी डिंपलने हा वाद पुन्हा उकरून काढला असता. पण भावजयीचा चेहरा बघून तिने चहाचा कप बाजूला ठेवला आणि पर्समधून स्वतःचा फोन काढला. हा फोन तिने दुकानातल्या सवलतीत हट्टाने घेतलेला होता, दुकानातला सगळ्यात वरचा.

"हा ठेव," ती म्हणाली. "तारेने टीव्हीला जोडला की टीव्हीवर सगळं कॉम्प्युटरसारखं दिसतं. उद्या दुकानातून तार, कीबोर्ड आणि माउस आणते. रविवारपर्यंत फोन तुझा."

"आणि तू काय वापरशील?"

"माझा जुना आहे की. सिम त्यात टाकते."

घासातला घास काढून द्यावा तसा डिंपलने फोन दिला होता. व्हॉट्सॲप मात्र दोन्ही फोनांवर चालू राहिलं आणि त्याचं पुढे काय होईल ते त्या वेळी दोघींच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तार आली तर ती लावायला टीव्हीला जागाच नव्हती. त्यांचा टीव्ही जुना, पोट सुटलेला. गल्लीत नवा, मोठा, भिंतीवरचा टीव्ही एकाच घरात होता. धुरपदाक्काच्या. तिचा मुलगा मगन पुण्याला कंपनीत होता आणि आई एकटी पडते म्हणून त्याने तो पाठवला होता. आता अक्का एकटी कसली पडते? दुपारी जेवणं झाली की गल्लीतल्या सात-आठ बायका तिच्या घरात जमायच्या आणि आदल्या रात्रीची मालिका पुन्हा लागायची ती बघायच्या. रात्री स्वयंपाकाच्या घाईत नीट बघणं व्हायचं नाही, म्हणून दुपारची बैठक खरी.

मयुरीने अक्काला सगळी हकिकत सांगितली. लॅपटॉप, नाना, तांब्या, डॉक्टरांचा बंगला. अक्काने सुपारी कातरत ऐकून घेतलं. तिला सकाळी बागेत मजूर बायकांवर देखरेख, संध्याकाळी गुरं. घर उघडं असायचं ते दुपारीच. मयुरीलाही मोकळा वेळ दुपारचाच. आणि दुपारी तर मालिका.

अक्काने थोडा विचार केला आणि तोडगा काढला. "जाहिराती लागल्या का तू लाव तुहं घर. जाहिराती सरल्या का आमची शिरेल."

मयुरीला वाटलं, अक्का थट्टा करतेय. पण अक्का थट्टा करत नव्हती.

अशा तऱ्हेने डॉ. भूषण यांचा बंगला जाहिरातींच्या वेळात उभा राहू लागला. मयुरी टीव्हीसमोर पाटावर बसायची, पुढ्यात चौरंग, चौरंगावर कीबोर्ड. रिमोट अक्काच्या हातात. मालिकेतली सासू सुनेकडे डोळे वटारून बघायची, ढोल वाजायचा, जाहिरात लागायची, आणि अक्का बटण दाबायची. टीव्हीभर पांढऱ्या पडद्यावर काळ्या रेषा यायच्या. मयुरी झटपट दोन भिंती सरकवायची, एक दार फिरवायची, की अक्का म्हणायची, झाल्या जाहिराती. पुन्हा सासू, पुन्हा सून. मयुरी बसल्या जागी मनातल्या मनात जिना मोजत राहायची.

पहिल्या दिवशी तिला हे सगळं अशक्य वाटलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. जाहिराती लागल्या, नकाशा आला, मयुरी स्वयंपाकघराच्या ओट्याची लांबी ठरवत होती, आणि टीव्हीच्या कोपऱ्यात टुणकन एक चौकोन उघडला. नाव होतं विक्रम. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "जेवलीस का?"

विक्रम म्हणजे डिंपलचा होणारा नवरा. शिरपूरला शाळेत शिकवायचा. साखरपुडा झालेला, लग्न उन्हाळ्यात. म्हणजे लपवण्यासारखं काहीच नव्हतं, तरी मयुरीचे कान तापले. तिने घाईघाईने चौकोन मिटवला तर दुसरा उघडला. "आज डब्यात काय?"

"कोण हाये हा?" काळा चष्मा लावून भिंतीला टेकलेल्या सासूबाईंनी विचारलं. त्यांना टीव्ही बघायची मनाई होती, म्हणून त्या नुसत्या ऐकायला यायच्या. कुणी तरी त्यांना वाचून दाखवलं. सासूबाईंनी मान डोलावली आणि जावई चांगला मिळाल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर दिसलं.

संध्याकाळी मयुरीने डिंपलला हे सांगितलं तेव्हा तिने उशीत तोंड खुपसलं. पण विक्रमला सांगायचं तिने टाळलं. सांगितलं तर तो लिहायचाच बंद होईल, अशी तिला भीती. तिसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका एक वाजला की टीव्हीच्या त्या कोपऱ्याकडे बघू लागल्या. एकदा निरोप उशिरा आला तर हेमलता नावाची शेजारीण म्हणाली, शाळेत तपासणी असेल आज.

आणि त्याच तिसऱ्या दिवशी जाहिराती सरल्या तरी अक्काने बटण दाबलं नाही.

मयुरीने मागे वळून बघितलं. सगळ्या बायका पडद्याकडे बघत होत्या. तिने नुकताच बंगल्याचा खालचा मजला रंगवून उभा केला होता. भिंतींना उंची आली होती, खिडक्यांतून ऊन आत पडत होतं, आणि माउस फिरवला की घरातून चालत गेल्यासारखं दिसत होतं.

"अक्का, मालिका लागली असेल," मयुरी म्हणाली.

"ते तं रोजचंच हाये," अक्का म्हणाली. "तू आत चाल. त्या दाराच्या पलीकडे काय हाये ते पाहू दे."

मग मयुरी त्यांना घर दाखवत सुटली. हा हॉल, ही डॉक्टरांची खोली, हा वर जायचा जिना. बायकांना नकाशाच्या रेषा कळत नव्हत्या, पण उभं घर चटकन कळलं. सूचनांचा पाऊस पडू लागला. हेमलताचं म्हणणं, म्हशीला जागाच नाही. धुळ्याच्या डॉक्टरच्या बंगल्यात म्हैस कशाला असेल, असं कुणी तरी म्हटलं तर ती म्हणाली, दूध काय मग आभाळातून येतं का. एकीला देवघर जिन्याखाली पटलं नाही. एकीने विचारलं, पाहुण्यांच्या चपला कुठे राहतील, लग्नकार्यात शंभर जोड होतात. मयुरी काही गोष्टी हसण्यावारी नेत होती, काही लक्षात ठेवत होती. चपलांचं तिला खरंच सुचलं नव्हतं.

एका जागेवर मात्र सगळ्या अडल्या. स्वयंपाकघराला भिंतच नव्हती. हॉलमध्ये बसलं की समोर ओटा, शेगडी, भांडी, सगळं उघडं. डॉक्टरांनी पुण्याला मित्राच्या घरी तसं बघितलं होतं आणि तसंच हवं म्हणून सांगितलं होतं. मयुरीने ते मन लावून काढलंही होतं. ओट्यावर लोंबते दिवे, उंच खुर्च्या. चित्र म्हणून ते फार देखणं दिसायचं.

"मिरचीची फोडणी दिली का पाहुणा खोकत बाहेर पयेन," अक्का म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मयुरीही हसली. पण घरी जाताना तिच्या मनात तेच घोळत राहिलं. ती एकटी लॅपटॉपसमोर बसून काढत होती तेव्हा त्या स्वयंपाकघरात कुणीच स्वयंपाक करत नव्हतं. आता बायकांनी तिथे शेगडी पेटवली होती.

फोनचीही एक तऱ्हा होती. तासभर काम झालं की तो तव्यासारखा तापायचा आणि घर पडद्यावर अडखळत चालू लागायचं. दार उघडायला सांगावं तर ते दोन क्षणांनी उघडायचं. डिंपलचं मत, सुधारेल पुढे, तीन-चार वर्षांत फोन तापायचेच बंद होतील आणि तेव्हा लॅपटॉप विकत घेणारा माणूस शोधून सापडायचा नाही. मयुरी म्हणाली, तोवर काय करू? उत्तर अक्काने दिलं. तिने आपला टेबलफॅन उचलला आणि थेट फोनच्या तोंडाशी लावला.

रविवार उजाडला. मीटिंग तीनची. अक्काने शब्द दिला होता की त्या वेळी घर रिकामं ठेवेन. मयुरी अडीचला गेली तर सगळ्या बायका आधीच येऊन बसलेल्या. ठेवणीतल्या साड्या नेसून, केसांना तेल लावून. अक्काने हळूच सांगितलं, अवाक्षर काढणार नाही कोणी. मयुरीने फोन एका स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला, पंखा लावला आणि मीटिंग जोडली.

एका चौकोनात विसपुते सर आले. दुसऱ्यात डॉ. भूषण, त्यांची बायको कामिनी आणि मागे सोफ्यावर डॉक्टरांच्या आई, लताबाई. आधीच्या दोन मीटिंगांतही लताबाई अशाच मागे बसल्या होत्या आणि एक शब्दही बोलल्या नव्हत्या. कामिनीही फारसं बोलत नसे. बोलायचे ते डॉक्टर.

"मयुरी, तिकडे वादळ सुटलंय का?" सरांनी विचारलं. पंख्याचा आवाज जात होता. मयुरीने पंखा थोडा तिरका केला आणि नकाशा दाखवायला सुरुवात केली. तिने बोलायचं सगळं घोकून ठेवलं होतं, शुद्ध, ऑफिसच्या मराठीत. प्रवेश, चपलांची जागा, हॉल, जिना. डॉक्टर खूश दिसत होते. स्वयंपाकघर आलं. लोंबते दिवे, उंच खुर्च्या.

मागून कुणी तरी हळूच म्हणालं, "आलं खोकल्याचं घर." आणि दबलेलं हसू फुटलं.

मयुरीने चमकून पडद्यावरच्या आपल्या चौकोनाकडे बघितलं. फोनचा कॅमेरा चालू होता आणि त्याच्या समोर ती एकटी नव्हती. तिच्या खांद्यांच्या दोन्ही बाजूंनी अख्खी गल्ली धुळ्याला दिसत होती. विसपुते सर पुढे वाकले. डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. तिला वाटलं, गेलं काम हातचं.

तेवढ्यात सोफ्यावरच्या लताबाई उठल्या आणि मुलाच्या खुर्चीमागे येऊन पडद्यात डोकावल्या.

"मांगे कोन बठेल शेतस वं बेटी?" त्यांनी विचारलं.

अक्काने मयुरीची वाट बघितली नाही. "आम्ही इथल्याच बाया," ती म्हणाली. "घर पाहू राह्यलो."

"मंग तुम्हीच सांगा," लताबाई म्हणाल्या. "चुल्हा असा बठ्ठास्ना समोर चांगला दिखस का? मी बी हाईच सांगी राह्यनी, पन मन्हं कोनी ऐकस नही."

शिरपूर सोडल्यापासून मयुरीच्या कानावर ही बोली क्वचितच पडायची. सांगवखेड्याची बोली वेगळी, ऑफिसची त्याहून वेगळी. माहेरच्या ओसरीवर कुणी हाक मारावी तसं तिला झालं. घोकलेलं सगळं भाषण ती विसरली.

"माय, तुम्हले काय पाहिजे ते सांगा," ती म्हणाली. "मी आत्तेच काढस."

लताबाईंचा चेहरा खुलला. "तू आपली शे का? कोठली?"

"शिरपूरनी."

त्यानंतर ती मीटिंग मीटिंग राहिली नाही. लताबाईंनी सांगितलं की त्यांना फोडणीचा धूर हॉलमध्ये नको, आणि पापड-कुरडया वाळवायला मागे ऊन येणारी जागा हवी. इकडून अक्का आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मयुरी भिंत ओढायला माउस सरकवणार, तोच कामिनी बोलली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच बोलत होती म्हणून सगळे थांबले.

"मला मात्र बंद स्वयंपाकघर नको," ती म्हणाली. "मी दवाखान्यातून येऊन आत एकटीने पोळ्या लाटायच्या आणि बाहेर सगळे गप्पा मारत बसायचे, हे मी माहेरी आईचं बघितलंय."

इकडे बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग धुरपदाक्का म्हणाली, "सुनेचंही खरं हाये. माही उमर चुलीपुढे भिंतीकडे तोंड करून गेली."

मयुरी पडद्याकडे बघत राहिली. दोघींचंही खरं होतं आणि दोघी एकाच घरात राहणार होत्या. तिने पुढचा ओटा तसाच उघडा ठेवला. चहा, पोळ्या, वाढणं, सगळं तिथे, माणसांत. त्याच्या मागे तिने एक छोटी खोली काढायला घेतली. फोडणी, तळण, वाटण त्या खोलीत, मध्ये सरकतं दार, मोठी खिडकी, आणि खिडकीबाहेर उन्हाची ओसरी. रेषा पडद्यावर सरकत होती आणि दोन गावांतल्या बायका श्वास रोखून बघत होत्या. मध्येच फोन तापला आणि रेषा अर्ध्यावर थांबली. हेमलताने पंखा उचलून आणखी जवळ धरला. धुळ्याला पुन्हा वादळ सुटलं. रेषा पुढे सरकली.

पण खोलीला जागा कुठून तरी घ्यावी लागणार होती. मयुरीने माउस शेजारच्या खोलीवर नेला आणि तिथेच थांबली. ती डॉक्टरांची सिनेमा बघायची खोली होती. काळ्या भिंती, उतरत्या खुर्च्या, मोठा पडदा. ती त्यांनी सगळ्यात आधी सांगितली होती.

लताबाईंनी मुलाकडे बघितलं, कामिनीने नवऱ्याकडे बघितलं, आणि टीव्हीतून सांगवखेड्याच्या सगळ्या बायका डॉक्टरांकडे बघत राहिल्या.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ठीक आहे," ते म्हणाले. "सिनेमा हॉलमध्ये बघू."

त्याच क्षणी नकाशाच्या कोपऱ्यात टुणकन चौकोन उघडला. विक्रम. "चहा झाला का?" मयुरी सगळ्यांना पडदा दाखवत होती, म्हणून तो धुळ्यालाही दिसला आणि जळगावला विसपुते सरांनाही. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा कोण, असं लताबाईंनी विचारलं तेव्हा तिला सगळं सांगावं लागलं. नणंदेचा फोन, नणंदेचं ठरलेलं लग्न.

"चांगला शे पोऱ्या," लताबाई म्हणाल्या. "मन्हा घरवालानी आशे कधी इचारं नही." आणि कामिनीने डॉक्टरांकडे असं बघितलं की डॉक्टर उठून आत गेले. थोड्या वेळाने ते चहा घेऊन आले असं नंतर लताबाईंनीच सांगितलं.

मीटिंग संपल्यावर सरांचा फोन आला. मयुरी धास्तावलेलीच होती. एरवी सर मोजकं बोलायचे आणि त्यात कौतुक कमी असायचं. ते म्हणाले, दोन महिने अडलेलं काम तासाभरात सुटलं. पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी बायकांना पहिल्या मीटिंगपासून बसव. मग त्यांनी विचारलं की ऑफिससाठी नवी खरेदी करायची आहे, आता लॅपटॉप घ्यावेत की असले फोन, तू दोन्ही वापरलेस, तुला काय वाटतं?

मयुरीने जरा विचार केला. आठवड्याभरापूर्वी तिने डोळे झाकून लॅपटॉप म्हटलं असतं. "रेषा मारायच्या तर लॅपटॉपच," ती म्हणाली. "पण नुसत्या रेषा मारून घर होत नाही, सर. घर दाखवत हिंडायचं तर फोन बरा. मोठा पडदा तर आता घरोघरी आहेच."

"म्हणजे दोन्ही?"

"अजून काही वर्षं तरी दोन्ही. फोन तापायचे थांबले की मग पुन्हा विचारा."

पुढच्या आठवड्यात लॅपटॉप दुरुस्त होऊन आला. नानांनी स्वतः जाऊन तो आणला, एसटीत मांडीवर ठेवून, खाली ठेवायला म्हणून कुणाला दिला नाही. मयुरी दार लावून बसली. किती दिवसांनी हाताखाली नीट बटणं आली होती. रेषा चटचट पडत होत्या, काही अडखळत नव्हतं, कुणी मध्ये येत नव्हतं. बंगल्याचे राहिलेले बहुतेक नकाशे तिने दोन दुपारी बसून पुरे केले. ती शांतता तिला हवीशी वाटली, यात शंका नाही. फक्त तिसऱ्या दुपारी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत कपाट कुठे घ्यावं हे काही केल्या ठरेना, तेव्हा तिने लॅपटॉप मिटवला, काखेत मारला आणि ती धुरपदाक्काकडे गेली. टीव्हीची तार लॅपटॉपलाही बसते हे एव्हाना तिने बघून ठेवलं होतं. डिंपलचं म्हणणं पडलं की वाद आपण जिंकला. मयुरीचं म्हणणं पडलं की आपण जिंकला. सासूबाईंचा चष्मा निघाला होता आणि त्यांचं म्हणणं होतं, दोघी गप्प बसा, कपाट खिडकीच्या आड येतंय.

दिवाळी सरली आणि देवपुरातल्या प्लॉटवर भूमिपूजन ठरलं. लताबाईंनी अक्काला फोन करून सगळ्यांना आवर्जून बोलावलं. त्या दोघींचं आता अधूनमधून बोलणं व्हायचं. एक आपल्या बोलीत बोलायची, दुसरी आपल्या, आणि दोघींना सगळं समजायचं. नवीनने ओळखीची क्रूझर गाडी ठरवली. डिंपलने सुट्टी काढली, कारण शिरपूरहून विक्रमही धुळ्याला येणार होता. पारोळ्याला चहा घेत, गाणी म्हणत मंडळी धुळ्याला पोचली.

प्लॉटवर पूजा आटोपली होती. मुकादमाने जमिनीवर पांढरी फक्की टाकून अख्खं घर आखून ठेवलं होतं. भिंतींच्या जागी पांढरे पट्टे, दारांच्या जागी मोकळ्या फटी. मयुरीने इतक्या घरांच्या नकाशांवर काम केलं, पण आपण काढलेलं घर असं जमिनीवर उतरलेलं ती पहिल्यांदा बघत होती. ती कडेला उभी राहिली. आत पाय टाकायचा तिला धीर होईना.

बायकांना कसला धीर लागतो? त्या एकामागे एक पुढच्या दारातून आत गेल्या. चपला त्यांनी चपलांच्या जागी काढल्या. हॉलमध्ये थोडं थांबल्या, मग ओट्यापाशी, मग सरकत्या दाराच्या फटीतून मागच्या खोलीत. एकीनेही पांढरी रेष ओलांडली नाही. सासूबाई जिन्याच्या जागी उभ्या राहून वर आभाळाकडे बघत होत्या, जणू वरचा मजला दिसत होता. विक्रम आणि डिंपल हॉलच्या खिडकीत उभे होते आणि त्यांच्याकडे मुद्दाम कुणी बघत नव्हतं.

मागच्या खोलीत लताबाईंनी सतरंजी अंथरली. अक्का तिच्यावर बसली. ऊन अगदी नकाशात दाखवलं होतं त्याच बाजूने येत होतं.

"मयुरी," कामिनीने ओट्याच्या जागेवरून हाक मारली, "ये ना आत."

मयुरी दारातून आत गेली. पायांखाली नांगरलेल्या रानासारखी मऊ काळी माती होती. कामिनीने तिच्या हातावर पेढा ठेवला. तेवढ्यात डॉक्टर लाडवांचं ताट घेऊन घाईघाईने आले आणि हॉलमधून सरळ रेषेवरून मागच्या खोलीत शिरू लागले.

"डॉक्टरसायेब," धुरपदाक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "तिथं भिंत हाये."

डॉक्टर थांबले. खाली बघितलं. मग ताट सांभाळत ते चार पावलं मागे आले, ओट्याला वळसा घातला आणि दारातून आत आले.